परवान्याची हद्द आणि परतीचे भाडे

टॅक्सीच्या परवान्यावर क्षेत्र लिहिलेले असते. कुठे एक जिल्हा, कुठे महानगर प्रदेश, कुठे संपूर्ण राज्य किंवा देश. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये या क्षेत्राला दोन प्रकारची धार आहे. कलम ८८ प्रमाणे एका प्रदेशाच्या प्राधिकरणाने दिलेला परवाना दुसऱ्या प्रदेशात आपोआप चालत नाही. तिथल्या प्राधिकरणाची प्रतिस्वाक्षरी लागते. कलम ७४ प्रमाणे परवान्यात अशीही अट घालता येते की, ठरलेल्या क्षेत्राबाहेर भाड्याचा नवा करार करायचा नाही. आधी ठरलेला करार वाढवता किंवा बदलता येतो. गावाहून आणलेल्या प्रवाशाने ‘आणखी चार किलोमीटर पुढे सोडा’ म्हटले तर हरकत नाही. त्याला उतरवून त्याच नाक्यावर दुसरा प्रवासी घेतला, तर मात्र अटीचा भंग होतो.

पहिले बंधन गाडी कुठे चालेल ते सांगते, दुसरे ती धंदा कुठे करेल ते सांगते. पहिल्या बंधनातून सुटायला कायद्यातच वाटा आहेत. प्रतिस्वाक्षरी आहे, लग्नाच्या वऱ्हाडासाठी किंवा एखाद्या सहलीसाठी मिळणारा विशेष परवाना आहे, जास्तीत जास्त चार महिन्यांचा तात्पुरता परवाना आहे. दुसरे बंधन थेट हिशोबाच्या वहीत उतरते. गाडी माणसे घेऊन जाते आणि रिकामी परत येते. त्या रिकाम्या फेरीचे डिझेल, टायरची झीज आणि चालकाचा दिवस कोणाच्या तरी खिशातून जातो. परवाना क्षेत्रांचा टॅक्सीसेवेवर काय परिणाम होतो, या प्रश्नाचे बहुतेक उत्तर या एका फेरीत सापडते.

तीन जिल्ह्यांच्या कुशीतला तालुका

हे पाहायला जामखेड हे गाव फार सोयीचे आहे. अहिल्यानगर जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला हा तालुका आहे. त्याला बीड जिल्ह्यातले आष्टी आणि पाटोदा, धाराशिवमधले भूम आणि परांडा, सोलापूरमधले करमाळा असे तालुके लागून आहेत. आपल्या जिल्ह्यातला कर्जत हा जामखेडचा शेजारी. बाकी सगळीकडे थोडे पुढे गेले की जिल्हा बदलतो. सौताड्याचा धबधबा जामखेडकर घरचाच मानतात, पण तो पाटोदा तालुक्यात, म्हणजे बीड जिल्ह्यात आहे.

याहून मोठी गंमत नगरच्या, म्हणजे अहिल्यानगर शहराच्या, रस्त्याची. जामखेडहून जिल्ह्याच्या गावी जायचे तर अंतर सुमारे ७५ किलोमीटर. सरळ रस्ता आष्टी, कडा, धानोरा असा जातो आणि पुढे चिचोंडी पाटीलकडे नगर तालुक्यात शिरतो. आष्टी, कडा आणि धानोरा ही तिन्ही गावे बीड जिल्ह्यातली. म्हणजे तालुक्याच्या गावाहून जिल्ह्याच्या गावी जाताना परक्या जिल्ह्याचा मोठा पट्टा ओलांडावा लागतो. एसटीतून जाणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही. भाड्याच्या गाडीला लागतो, कारण तिच्या परवान्याचा प्रदेश रस्त्यात दोनदा बदलतो.

ही हद्द आज कागदावरची वाटत असली तरी ती जुनी आहे. बीड आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) हे जिल्हे सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, तर जामखेड मुंबई इलाख्यात. १७९५ मध्ये मराठे आणि निजाम यांच्यात झालेली लढाई याच तालुक्यातल्या खर्ड्याजवळची. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि राज्याची सीमा जिल्ह्याची सीमा झाली. परिवहन प्रशासनाचे प्रदेश जिल्ह्यांवर बेतलेले असल्याने टॅक्सीच्या परवान्यातही तीच रेघ उतरली. माणसांची ये-जा मात्र बाजार, दवाखाना, सोयरीक आणि शिक्षण यांच्या मागे चालते. आष्टीचा माणूस जामखेडला येतो, खर्ड्याचा भूमला जातो, आणि बऱ्या पगाराची नोकरी शोधणारे सगळे पुण्याचा रस्ता धरतात.

जामखेडला रेल्वे नाही. नगर–बीड–परळी मार्गावर २३ सप्टेंबर २०२२ रोजी न्यू आष्टीपर्यंत गाडी सुरू झाली आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी ती बीडपर्यंत पोचली. पण न्यू आष्टी हे जवळचे स्थानकही बीड जिल्ह्यात आहे. तिथे उतरलेल्या जामखेडच्या प्रवाशाला न्यायला गावातून गाडी बोलावली, तर करार गावात झाला म्हणून ती एका अटीतून सुटते, तरी दुसऱ्या प्रदेशात चालण्याची मुभा तिच्या परवान्यात असावीच लागते. स्थानकाबाहेर उभे राहून ‘जामखेड, जामखेड’ असा पुकारा करणाऱ्या जामखेडच्या गाडीची अडचण याहून मोठी, कारण तिथे करारच हद्दीबाहेर होतो.

परवाना कोण देते

कलम ६८ नुसार राज्यस्तरावर राज्य परिवहन प्राधिकरण आणि त्याखाली प्रादेशिक परिवहन प्राधिकरणे असतात. महाराष्ट्रात जिल्ह्याच्या प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. पोलिसांचा प्रतिनिधी सदस्य असतो आणि परिवहन अधिकारी सदस्य-सचिव. लोक ज्याला सरसकट ‘आरटीओ’ म्हणतात ते कार्यालय वेगळे आणि परवान्याचे धोरण ठरवणारे हे प्राधिकरण वेगळे. कार्यालयात अर्ज जातो, शुल्क भरले जाते, गाडी तपासली जाते. कुठल्या भागात कोणत्या प्रकारच्या गाड्यांना परवानगी द्यायची, थांबे कुठे, अटी कोणत्या, हे प्राधिकरणाच्या बैठकीत ठरते.

इथे एक घोटाळा हमखास होतो. पाटीवरचा क्रमांक म्हणजेच परवान्याचे क्षेत्र, असे पुष्कळांना वाटते. एमएच १६ म्हणजे अहिल्यानगरचे कार्यालय. एमएच १७ म्हणजे त्याच जिल्ह्यातले श्रीरामपूर. एमएच २३ बीडचा, एमएच २५ धाराशिवचा. सोलापूर जिल्ह्यात एमएच १३ आणि अकलूजचा एमएच ४५ असे दोन. हा क्रमांक गाडीची नोंदणी कुठे झाली एवढेच सांगतो. जुनी गाडी विकत घेऊन परवाना दुसरीकडचा काढलेला असू शकतो. उलट एमएच १६ पाटीच्या दोन गाड्या शेजारी उभ्या असतील आणि एकीला जिल्ह्यापुरता, तर दुसरीला देशभराचा परवाना असेल. पाटीचा रंग त्या मानाने अधिक बोलका. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे भाड्याची गाडी; पांढरी पाटी म्हणजे खासगी. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असली तर गाडी स्वतः चालवण्यासाठी भाड्याने दिलेली. चालकाची अनुज्ञप्ती, म्हणजे लोकांच्या बोलीतले ‘लायसन’, देशभर चालते. हद्दीत अडकते ती गाडी, चालक नव्हे.

गाडीचा वर्गही परवान्यात महत्त्वाचा. चालक सोडून सहापर्यंत प्रवासी नेणारी ती मोटारकॅब, त्याहून अधिक पण बारापर्यंत नेणारी ती मॅक्सीकॅब. सहा अधिक एक आसनांची अर्टिगा पहिल्या वर्गात बसते. बारा अधिक एक आसनांची क्रूझर दुसऱ्या वर्गात. ग्रामीण भागातली प्रवासी वाहतूक बरीचशी या दुसऱ्या वर्गाच्या जिवावर चालते.

काळी-पिवळी आणि एसटी

तालुक्याच्या गावी टॅक्सी म्हणजे फोन करून बोलावलेली गाडी असा अर्थ फार अलीकडे आला. त्याआधी टॅक्सी म्हणजे काळी-पिवळी जीप, सातारा-सांगलीकडच्या बोलीत वडाप. चौकात गाड्या नंबरला लागतात. पहिली गाडी भरल्याशिवाय दुसरीत कोणी बसायचे नाही, हा नियम कुठल्या कायद्यात नसला तरी कायद्याहून कडक पाळला जातो. मागची बाके भरली, मधली भरली, पुढे चालकाशेजारी दोघे दाटीवाटीने बसले, तरी ‘एक सीट, एकच सीट’ म्हणून पुकारा चालूच असतो. हिशोब साधा आहे. फेरीचे डिझेल ठरलेले, त्यामुळे शेवटची एक-दोन आसने म्हणजेच मालकाची कमाई.

कायद्याच्या भाषेत ही कंत्राटी वाहतूक, एसटीची ती टप्पा वाहतूक. टप्पा वाहतुकीत प्रत्येक प्रवासी आपापले तिकीट काढतो आणि गाडी थांब्याथांब्यावर माणसे चढवते-उतरवते. कंत्राटी वाहतुकीत पूर्ण गाडीचा एक करार असतो आणि वाटेत कराराबाहेरचे प्रवासी घ्यायचे नसतात. पण व्याख्येत एक मेख आहे. मोटारकॅबमधील प्रवाशांकडून वेगवेगळे भाडे घेतले तरी ती कंत्राटी वाहनच राहते, असे तिच्यात स्पष्ट म्हटले आहे, आणि मॅक्सीकॅबचाही त्याच व्याख्येत समावेश आहे. त्यामुळे माणशी भाडे घेणारी जीप तेवढ्याच कारणाने बेकायदा ठरत नाही. वाटेत थांबून माणसे उचलणे, आसनांपेक्षा जास्त भरणे, परवान्याचे क्षेत्र सोडणे, ही खरी भंगाची ठिकाणे. जामखेडहून नगरला निघालेल्या जीपमधून आष्टीला चार माणसे उतरली, तर ती चार आसने कायद्याने नगरपर्यंत रिकामी न्यायची. व्यवहारात ती कशी भरतात हे त्या रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही सांगायला नको.

ही बंधने घालण्यामागे एसटीचे रक्षण हा मोठा हेतू राहिला आहे. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली ती नगर–पुणे मार्गावरच. पुढे मार्गांचे राष्ट्रीयीकरण होऊन बहुतेक टप्पा वाहतूक महामंडळाकडे गेली. एसटीला तोट्याच्या गावीही गाडी न्यावी लागते, विद्यार्थी आणि ज्येष्ठांना सवलत द्यावी लागते. जीपवाला मात्र भरणारा रस्ता आणि भरणारी वेळ निवडतो. हा युक्तिवाद खोटा नाही. म्हणूनच एसटी स्थानकाच्या २०० मीटर परिघात खासगी प्रवासी वाहनांना मनाई केली जाते, आणि म्हणूनच जीपचा अड्डा स्थानकाच्या दारात नसून पुढच्या चौकात असतो.

ही व्यवस्था उलटी कशी होते, हे २०२१ मध्ये दिसले. एसटी कर्मचाऱ्यांचा संप चिघळल्यावर त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये राज्य सरकारने खासगी बस, शाळांच्या बस, कंपन्यांच्या गाड्या, इतकेच काय मालवाहू वाहनांनाही संपकाळापुरती प्रवासी नेण्याची मुभा दिली. संप एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला. ज्या वाहतुकीला एरवी ‘अवैध’ म्हणून दंड व्हायचा, तीच त्या पाच-साडेपाच महिन्यांत ग्रामीण महाराष्ट्राचा आधार होती.

रिकाम्या फेरीचा हिशोब

आता पूर्ण गाडी ठरवण्याकडे वळू. जामखेडहून नगरला एकेरी जायचे आहे आणि दर किलोमीटरला १४ रुपये आहे असे समजू. ७५ किलोमीटरचे १,०५० रुपये होतात. पण गाडीला नगरमधून भाडे घेता येत नसेल, किंवा मिळण्याची शाश्वती नसेल, तर मालक १५० किलोमीटरचे २,१०० सांगतो. प्रवाशाला वाटते दुप्पट लुबाडले. मालकाला वाटते रास्त सांगितले. दोघांचेही बरोबर असते.

दोन खेपांमागे एकदा जरी परतीचे भाडे मिळाले, तर चित्र पालटते. दोन खेपांत ७५ किलोमीटरचे चार तुकडे होतात आणि त्यातले तीन भरलेले धावतात. एकूण ४,२०० रुपये तीन प्रवाशांत वाटले गेले, तर प्रत्येकी १,४०० पडतात. गाडी, चालक, डिझेल यांतले काहीही न बदलता भाडे एक तृतीयांशाने उतरते. हद्दीच्या नियमाची किंमत मोजायची तर ती याच फरकात मोजावी लागते.

ग्रामीण भागात एकेरी भाड्याची पद्धतच रुजली नाही, त्याचे कारणही इथेच आहे. ‘जाऊन-येऊन’ हीच बोली. लांबच्या प्रवासाला दिवसाला किमान ३०० किलोमीटर धरायचे, चालकाचा भत्ता वेगळा, टोल-पार्किंग वेगळे, हे दर कोणी छापले नसले तरी सगळ्यांना पाठ असतात. मग लोकही त्यातून वाट काढतात. नगरच्या दवाखान्यात पेशंट दाखवायचा असेल, तर गाडी दिवसभर थांबवून ठेवतात आणि बरोबर कोर्टाचे, बँकेचे काम असलेला शेजारी घेतात. पुण्याला मुलाला सोडायला गेलेली गाडी येताना कोणाची सून, कोणाचा फ्रिज घेऊन येते. चालकांचे व्हॉट्सअ‍ॅप गट तर परतीच्या भाड्यासाठीच चालतात. ‘पुणे–जामखेड रिकामी, चार सीट, संध्याकाळी ५’ अशा दोन ओळींत जो व्यवहार होतो, तो जिल्ह्यापुरत्या परवान्याच्या गाडीने केला तर नियमभंग ठरतो आणि देशभर चालणाऱ्या पर्यटक परवान्याच्या गाडीने पूर्ण गाडीचा करार म्हणून केला तर बहुधा ठरत नाही.

यामुळे गाडी घेणारा तरुण सुरुवातीलाच एका निवडीपाशी येतो. जिल्ह्यापुरता परवाना स्वस्त, पण धंदा हद्दीत. ‘टूरिस्ट पासिंग’, म्हणजे पर्यटक परवाना, महाग, पण शिर्डी, तुळजापूर, पंढरपूर, मुंबई, गोवा असे कुठलेही भाडे घेता येते. कलम ८८ च्या नवव्या पोटकलमात पर्यटन वाढवण्यासाठी देशभर चालणाऱ्या या परवान्याची सोय आहे. पूर्वी त्यालाही प्रत्येक राज्याच्या नाक्यावर वेगळा कर भरावा लागे. राज्याची सीमा आली की चालक पावत्यांसाठी रांगेत. १ एप्रिल २०२१ पासून केंद्राच्या नव्या नियमांनी ऑनलाइन परवाना आणि एकत्रित शुल्काची पद्धत आणली, आणि २०२३ च्या नियमांनी १ मेपासून तिची फेररचना केली. विजेवर चालणाऱ्या वाहनांना हा परवाना विनाशुल्क मिळतो.

लांबच्या भाड्यासाठी ही सुधारणा मोठी आहे, यात शंका नाही. पण तिचा एक परिणाम कोणी फारसा बोलत नाही. ज्याला परवडते तो पर्यटक परवाना घेतो आणि गावात कमी, रस्त्यावर जास्त असतो. खर्ड्याहून जामखेडला रात्री यायला, किंवा ३१ मे रोजी अहिल्यादेवी होळकरांच्या जयंतीला चौंडीला जायला लागणारी जवळची गाडी जुनी, जिल्ह्यापुरत्या परवान्याची आणि संख्येने घटत जाणारी असते. शिवाय पर्यटक परवान्यावर टप्पा वाहतूक करता येत नाही, त्यामुळे चौकातली माणशी सेवा त्याने भरून निघत नाही.

संख्येवरचा लगाम

हद्द आखली की पुढचा प्रश्न, आत किती गाड्या? १९३९ च्या जुन्या कायद्यात प्राधिकरण गरज तपासून मोजके परवाने देई आणि जुन्या परवानाधारकांना नव्या अर्जांवर हरकत घेता येई. १९८८ च्या कायद्याने हा दरवाजा सैल केला. कलम ८० प्रमाणे परवान्याचा अर्ज सहसा नाकारायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये मिथिलेश गर्ग प्रकरणात हे धोरण उचलून धरले. अपवाद शहरांचा. पाच लाखांपेक्षा कमी लोकसंख्या नसलेल्या शहरांत, केंद्राने तसे निर्देश दिले तर, कंत्राटी वाहनांची संख्या राज्याला मर्यादित करता येते.

महाराष्ट्रात १९९७ मध्ये रिक्षा-टॅक्सीचे नवे परवाने थांबले आणि ते सर्वसाधारणपणे २०१७ मध्ये खुले झाले. या वीस वर्षांत मुंबईत परवाना हीच मालमत्ता झाली. गाडीपेक्षा परवान्याला मोल आले, मालक एक आणि चालवणारा दुसरा अशी पद्धत पक्की झाली. न्यूयॉर्कने १९३७ च्या हास कायद्याने टॅक्सींची संख्या बांधली तेव्हा तिथेही हेच घडले. टॅक्सीवर लावायच्या अधिकृत बिल्ल्याची किंमत २०१४ च्या सुमारास दहा लाख डॉलरवर गेली आणि अ‍ॅप आल्यावर कोसळली. कर्ज काढून बिल्ला घेतलेले चालक त्यात बुडाले.

मुंबईत हद्द शहराच्या पोटातूनही जाते. रिक्षा वांद्रे आणि शीव यांच्या दक्षिणेला येत नाही. उपनगरातून रिक्षाने आलेला माणूस तिथे उतरून टॅक्सी शोधतो. न्यूयॉर्कने २०१३ मध्ये हिरव्या टॅक्सी सुरू करताना असाच विचार केला, फक्त अधिक बारकाईने. या टॅक्सींनी मॅनहॅटनच्या दक्षिण भागात प्रवासी सोडायचे, पण तिथून रस्त्यावरचे प्रवासी उचलायचे नाहीत. प्रवेशाला आडकाठी नाही, करारावर बंधन, म्हणजे आपल्या कलम ७४ चाच मासला.

शेजारच्या हद्दीतला परवाना

हद्दी लहान असल्या आणि प्रत्येक हद्दीचे नियम वेगळे असले, की जिथे परवाना सोपा तिथे तो काढून दुसरीकडे धंदा करण्याकडे ओढा वाढतो. इंग्लंडमध्ये हे टोकाला गेले आहे. तिथे परवाना स्थानिक कौन्सिल देते. रस्त्यावर हात दाखवून थांबवायची टॅक्सी फक्त आपल्या कौन्सिलच्या हद्दीत प्रवासी घेऊ शकते. आधी नोंदवून येणाऱ्या खासगी भाड्याच्या गाडीला मात्र चालक, गाडी आणि संचालक या तिघांचे परवाने एकाच कौन्सिलचे असले की देशात कुठलेही भाडे करता येते. २०१५ च्या कायद्याने संचालकांना दुसऱ्या कौन्सिलच्या हद्दीतल्या संचालकाकडे काम सोपवायचीही मुभा दिली. मग वुल्वरहॅम्प्टनसारख्या एका शहराने हजारो अशा चालकांना परवाने दिले जे त्या शहरात गाडी चालवतच नाहीत. मँचेस्टरला तक्रार असेल तर कारवाईचा मुख्य अधिकार वुल्वरहॅम्प्टनला, अशी स्थिती झाली. हद्दीचा मूळ फायदा असतो तो चालकावर जवळून लक्ष ठेवण्याचा. इथे नेमका तोच निसटला.

टोकियोचा तोडगा साधा आहे. तिथल्या तेवीस प्रभागांचा, मुसाशिनो आणि मिताका या शहरांसह, एक व्यवसाय-विभाग धरला जातो; प्रवासाची सुरुवात किंवा शेवट यांपैकी एक टोक आपल्या विभागात असले की पुरे. बाहेर सोडून येताना परत टोकियोला येणारा प्रवासी भेटला तर घेता येतो. असा नियम जामखेडला लावला तर नगरहून जामखेडला येणारे भाडे घ्यायला गाडी मोकळी होईल आणि नगरमधल्या नगरमध्ये फिरवायला मात्र मोकळी होणार नाही, म्हणजे तिथल्या रिक्षावाल्यांच्या पोटावरही पाय येणार नाही. ग्रामीण महाराष्ट्राला सध्याच्या अटींपेक्षा हा नियम जास्त मानवेल.

कारण स्थानिकांच्या पोटाचा प्रश्न खरा असतो आणि तो हद्दीच्या बाजूने बोलतो. गोव्यात पेडणे तालुक्यातल्या मोपा येथे विमानतळ झाला आणि ५ जानेवारी २०२३ पासून तिथून विमाने सुटू लागली. ज्यांच्या परिसरात विमानतळ आला त्या पेडण्याच्या टॅक्सीचालकांनी तिथे आपल्याला जागा हवी म्हणून आंदोलने केली. गोव्याच्या पर्यटन महामंडळाने २०१८ मध्ये आणलेल्या ‘गोवा माइल्स’ या अ‍ॅपलाही पारंपरिक टॅक्सीवाल्यांनी सतत विरोध केला. दोन पावलांवर सिंधुदुर्ग जिल्हा, म्हणजे दुसरे राज्य. प्रवासी स्वस्त भाडे मागतो, स्थानिक चालक गावातला रोजगार मागतो. या भांडणात परवान्याची रेघ ढालीसारखी वापरली जाते.

अ‍ॅपवरून गाड्या देणाऱ्या कंपन्यांनी ही रेघ पुसली नाही, फक्त तिच्यावर नवा थर चढवला. २०१९ च्या दुरुस्तीने त्यांनाही परवाना लागतो, आणि महाराष्ट्रात अशा अर्जांचा निर्णय प्रादेशिक प्राधिकरणांकडे गेला. पुण्याच्या प्राधिकरणाने मार्च २०२४ मध्ये ओला आणि उबर यांचे चारचाकीसाठीचे अर्ज नाकारले. म्हणजे कंपनी देशव्यापी, अ‍ॅप जगभर, पण होकार-नकार जिल्ह्याच्या बैठकीत.

परवाना नसला तर

विनापरवाना किंवा परवान्याच्या अटी मोडून भाडे मारल्यास कलम १९२-अ लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपये दंडाची तरतूद आहे. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाड्या भाड्याने फिरतात त्या याच कलमाखाली येतात. त्या स्वस्त पडतात, कारण परवाना, व्यावसायिक विमा आणि ठरावीक मुदतीची योग्यता तपासणी यांचा खर्च त्यांच्यावर नसतो.

प्रवाशाला याची झळ बसते ती अपघात झाल्यावर. वैध परवान्याशिवाय गाडी चालवणे हा विम्याच्या अटींचा मूलभूत भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अमृतपाल सिंग प्रकरणात म्हटले. त्या प्रकरणात भरपाई आधी विमा कंपनीने द्यावी आणि मग मालकाकडून वसूल करावी असा मार्ग ठेवला गेला. जखमी माणसाला पैसे मिळाले तरी गाडीचा मालक आयुष्यभराच्या कर्जात जाऊ शकतो. खासगी गाडीत पैसे देऊन बसलेल्या प्रवाशाच्या बाबतीत तर कंपनी सुरुवातीपासूनच हात वर करते आणि दावा वर्षानुवर्षे लांबतो.

कलम १९२-अ मध्ये एक सूट आहे आणि ती फार थोड्यांना माहीत आहे. आजारी किंवा जखमी माणसाला तातडीने न्यायचे असेल, संकटग्रस्तांसाठी अन्न किंवा औषधे पोचवायची असतील, तर परवान्याचा हा गुन्हा लागत नाही. असा वापर केल्याची माहिती सात दिवसांच्या आत प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाला कळवायची, एवढीच अट. रात्री दोन वाजता खर्ड्याहून अत्यवस्थ रुग्णाला घेऊन नगर, बार्शी किंवा बीडकडे सुटलेल्या गाडीच्या चालकाने वाटेत पाटीचा रंग आणि जिल्ह्याची हद्द पाहण्याचे कारण नाही. परत आल्यावर आठवडाभरात एक अर्ज लिहून देणे मात्र त्याच्या हिताचे आहे.